पुढच्या दाराची रुंदी

"मागच्या दाराने मार्टिन आत येणार नाही," नुआला म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बाई रागावली असं समजून स्वरूपाला पुढच्या कामाला लागता आलं असतं. नुआलाने ते सावकाश, कडी नीट बसेपर्यंत आतून रेटून बंद केलं, एखादं कपाट लावावं तसं. स्वरूपा पायरीवर उभी राहिली. मोजपट्टीचं टोक तिने अजून चौकटीच्या दगडाला धरून ठेवलं होतं. ती काही वाईट सांगायला आली नव्हती. उलट तिला वाटलं होतं की हे ऐकून नुआला आत बोलावेल, चहा ठेवेल. नुआलाच्या नवऱ्याचा, मार्टिनचा, डावा पाय गुडघ्याखालून काढला होता. स्लायगोच्या हॉस्पिटलात तो व्हीलचेअर चालवायला शिकला होता आणि घरात खुर्ची शिरण्याची सोय झाली की त्याला घरी सोडणार होते. नुआलाने काउन्सिलकडे अर्ज केला होता तो पुढचं दार रुंद करण्याचा आणि पायऱ्यांवर उतार बांधण्याचा. मार्टिन दांडगा माणूस, खुर्चीही तशीच रुंद. त्यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंचे घडीव दगड कापावे लागले असते. स्वरूपा मागची गल्ली बघून आली होती. तिथे पायरी नव्हती, दार ऐसपैस होतं, उंबऱ्याची एक लाकडी पट्टी तेवढी काढायची होती. आठवड्याभरात मार्टिन घरी. हे तिने सांगितलं आणि सांगताना ती हसलीही होती. ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं आहे हे तिला वळल्यावर समोरच्या केमिस्टच्या काचेत दिसलं.

मॉर्टनटाउनचा हा रस्ता सरळ आहे. आयर्लंडच्या या भागात इतका सरळ रस्ता दिसला की तो बाहेरून आलेल्या कुणीतरी आखला असं खुशाल समजावं. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने इथल्या लोकांच्या जमिनी काढून घेतल्या, समुद्रापलीकडून माणसं आणली आणि त्या जमिनींवर वसवली. त्याला इथे प्लँटेशन म्हणतात. अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हे फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "चहाचे मळे आहेत का तिकडे? एवढ्या थंडीत?" मळे नव्हते, चौक होता, चर्च होतं, बाजाराची इमारत होती आणि चौकापासून नदीपर्यंत एकसारख्या घरांची रांग होती. घरं पुढे पुन्हा बांधली गेली, पण मापं मूळ आखणीतली राहिली. प्रत्येक दाराभोवती राखाडी चुनखडीच्या दगडाची चौकट, वर सरकणाऱ्या खिडक्या, चुन्याचा गिलावा. हे बाह्यरूप जपायचं काउन्सिलने ठरवलं होतं आणि बाहेरून कुणाला काय बदलू द्यायचं यावर मत देण्यासाठी स्वरूपाला नेमलं होतं. आत कुणी काय करावं हा तिचा विषय नव्हता. ही हद्द तिला आवडायची. दगडाचं वय सांगता येतं, गिलाव्यात सिमेंट मिसळलंय का ते खरवडून कळतं. घराच्या आत शिरलं की माणसं सुरू होतात. पण आज ती आत शिरलीच नव्हती आणि तरी काहीतरी सुरू झालं होतं. ती गाडीत बसली, पट्टा लावला, आणि तिच्या लक्षात आलं की 'मागच्या दाराने' हे शब्द नुआलाने उच्चारले तेव्हा आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. अजून होत्या. तिने आरशात बघितलं. कान नेहमीसारखेच दिसत होते.

संध्याकाळी जेवताना तिने तो विषय काढला. अप्पा तीन महिन्यांसाठी आले होते आणि पोळीचा तुकडा मोडायच्या आधी खिडकीबाहेरच्या हवेवर रोज एक शेरा मारत. आज त्यांनी मारला नाही, म्हणून बोलायला जागा होती.

"मागून ग्रँड आहे ना सगळं? मग संपलं की," तिचा नवरा चंद्रहास म्हणाला; 'ठीक आहे'ला इथे 'ग्रँड' म्हणतात. तो स्लायगोजवळच्या एका कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्यांची तपासणी करायचा आणि दोनच उत्तरांवर त्याचा विश्वास होता, पास आणि फेल. "तुझ्या मतात लिही, पर्यायी प्रवेश उपलब्ध. यू आर डन."

"ती म्हणते तो मागून येणार नाही."

"तो म्हणतो का ती?"

हे विचारायचं स्वरूपाला सुचलंच नव्हतं.

"मला एक कळत नाही," अप्पा म्हणाले. "हे दगड इंग्रजांनी लावले. हाकललं कुणाला, तर ह्यांना. आणि आता ह्यांचीच काउन्सिल ते जपतेय, आणि जपायला पगार देऊन आणलीय कुणाला, तर माझ्या मुलीला."

"अप्पा, अकोल्याचा तुमचा बंगलाही साहेबाचाच होता. तुम्ही त्याच्या खांबांना दर वर्षी रंग द्यायला लावायचात."

"ते वेगळं. ती सरकारी मालमत्ता होती."

"आजोबा, इट्स जस्ट अ डोअर, लाइक," इरावती म्हणाली. ती अकरा वर्षांची होती, मराठी सगळं समजायची, आणि तिच्या बोलण्यातला 'लाइक' वाक्याच्या शेवटी यायचा, इथल्या मुलांसारखा.

"डोअर आहे म्हणूनच तर," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

अकोल्याचा बंगला तिने मुद्दाम काढला नव्हता. तो आपोआप आला आणि जेवण झाल्यावर गेला नाही. अप्पा बांधकाम खात्यात इंजिनियर होते आणि तो बंगला त्यांना नोकरीबरोबर मिळाला होता. उंच जोतं, पुढे खांबांचा व्हरांडा, मागे न्हाणीघराला बाहेरून उघडणारं वेगळं दार. ते दार साहेबाच्या काळात झाडूवाल्यासाठी ठेवलेलं. त्याने घरातून न जाता न्हाणीघरात यावं, काम करावं आणि तसंच निघून जावं. साहेब गेला, फ्लश आला, दार राहिलं. आई महिन्यातले ते दिवस त्या दारालगतच्या खोलीत काढायची. बाहेर जायचं झालं तर तिथूनच जायची, यायची ती तिथूनच. त्यात काही लपवाछपवी नव्हती. आई तिथे बसून दिवाळी अंक वाचायची आणि स्वरूपाला ते दिवस सुटीसारखे वाटायचे, कारण आई कुठल्याच कामाला हाक मारायची नाही. मग आठवीत असताना एक दुपार. ती शाळेतून सायकलवर आली, दप्तर मागे धरून व्हरांड्याच्या पायऱ्या चढायला लागली. आई खिडकीत होती. तिने बघितलं, आणि तिला काय दिसलं ते स्वरूपाला अजून माहीत नव्हतं. आई हळूच म्हणाली, "मागून ये." आणि मग लगेच, समजूत काढल्यासारखं, "पुढे अप्पांची माणसं बसलीयेत ना." स्वरूपा पायरीवरून उतरली. घराला वळसा घालताना बाजूच्या भिंतीला हात घासत गेली. चुना हाताला लागला. मागचं दार उघडंच होतं. आईने आत चटई घातली होती, तांब्या भरून ठेवला होता, आणि ती फार प्रेमाने वागली. इतक्या वर्षांत या दुपारचा तिने कधी विचार केला नव्हता असं नाही. केला होता, हसून सांगितलीही होती मैत्रिणींना. पण आज तिला एकच गोष्ट आठवायची होती आणि ती येत नव्हती. पुढे माणसं बसली होती का? व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या, त्या तिला दिसत होत्या. कधी त्यांवर माणसं दिसायची, कधी नुसत्या खुर्च्या.

अप्पा ताटं विसळायला उठले होते. इथे आल्यापासून त्यांनी ते काम हट्टाने घेतलं होतं. "अप्पा, अकोल्याला दुपारी तुमच्याकडे माणसं यायची का? घरी?"

"कंत्राटदार यायचे. घरी कशाला येतील? ऑफिसात यायचे." ते थांबले. "एखादा येतही असेल. का गं?"

"काही नाही. आई मागच्या खोलीत बसायची, ते तुम्ही सांगितलं होतं?"

"मी? मला काय ठाऊक त्यातलं. तुझ्या आईचं तिचं ती बघायची." त्यांनी नळ बंद केला. "माझ्या आईला चाललं नसतं. पण ती तर कोल्हापूरला होती. मग कुणासाठी करायची, नाही?" हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता. त्यांनी ताट पालथं घातलं आणि ते बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती स्लायगोला गेली. मत देण्याआधी ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याला भेटावं ही कामाची पद्धतच होती आणि ती आपण सोडून दिली होती याचं तिला वाटेत नवल वाटलं. तिने गल्ली मोजली, दार मोजलं, माणसाला विचारलं नाही. गाडी चालवताना तिने मनाशी एक मत तयार केलं, अगदी वाक्यांसकट: की अपंग माणसाला मागच्या दाराने नेणं ही केवळ सोय नसते; की या रांगेची दारं ज्यांनी आखली त्यांनी कुणाला कुठून येऊ द्यायचं हेही आखलं होतं; की दगड जपताना ते जपायचं कारण नाही. मत चांगलं झालं होतं. तिचे कान पुन्हा तापले होते.

मार्टिन खिडकीशी व्हीलचेअरवर बसला होता आणि परिचारिकेशी कुठल्यातरी फुटबॉलच्या सामन्यावरून भांडत होता. मोठा, लाल चेहऱ्याचा, ऐंशीच्या घरातला माणूस. स्वरूपाने आपण कोण ते सांगितलं.

"म्हणजे दगडवाली बाई तू," तो म्हणाला. "बस. नुआलाने सांगितलं, तू फार नम्रपणे नाही म्हणतेस."

"मी अजून नाही म्हटलेलं नाही. तुम्हाला विचारायला आले. मागच्या दाराने घरी जायला तुमची हरकत आहे?"

"माझी?" तो हसला. "बाई, मी जन्मभर त्याच दाराने जातोय. तुला इथे येऊन किती वर्षं झाली? मागून घरचे येतात. शेजारी येतात, मुलं येतात. पुढून पाद्री येतो, डॉक्टर येतो आणि तुझ्यासारखे काउन्सिलचे लोक येतात. आणि आमच्या घरात पुढून बाहेर जातात ते पेटीतून. पुढून नेलंत मला तर वाटेल, उलट्या दिशेने दफन चाललंय."

ती हसली, पण उशिरा. गाडीत तयार केलेली वाक्यं तिच्या डोक्यात अजून रांगेत उभी होती आणि त्यांना जायला कुठे वाट नव्हती. "मग नुआला असं का म्हणाल्या?"

"ते तिला विचार. मी म्हटलं, नुआला, त्या दगडांना हात नको लावू, माझ्या बापाच्या बापाच्या बापाने बसवलेत. आमचे लोक त्या पहिल्या खेपेत आले, ठाऊक आहे ना? स्कॉटलंडहून. ती नदीपलीकडची, दलदलीतल्या वाडीवरची. आम्ही प्रोटेस्टंट, ती कॅथलिक; वेगळं चर्च, वेगळी शाळा. तिच्याशी लग्न केलं तेव्हा माझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण घरात घेतलं हं तिने. पहिल्या दिवशी नवरानवरी म्हणून आम्ही दोघं पुढच्या पायरीवर आलो तर आई दारात. म्हणाली, मार्टिन, तू ये. आणि हिला म्हणाली, तू जरा वळसा घालून ये, दिवाणखान्याची फरशी आत्ताच पुसलीय, ओली आहे." त्याने खुर्ची जराशी वळवली. "स्वच्छतेचं वेड होतं तिला."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कुठून गेलात?"

मार्टिनने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता. काहीतरी शोधत असल्यासारखा तो दिसला आणि ते त्याला सापडलं नाही. "फरशी ओली होती," तो पुन्हा म्हणाला, जरा सावकाश.

परतीच्या रस्त्यावर पाऊस आणि ऊन आळीपाळीने येत होते आणि तिने वायपर चालूच ठेवले. आता सगळं स्पष्ट असायला हवं होतं. कागदावर तर होतंच. ज्याला खुर्ची आहे त्याला मागचं दार चालतं. ज्याला दगड प्रिय आहेत तोही तोच. रांगेतली एक चौकट कापली की उद्या दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि कापलेला दगड परत येत नाही. उरली नुआला. पण नुआलाला दोन्ही पाय आहेत. जिला चालता येतं तिच्यासाठी दार रुंद करण्याची तरतूद कुठेच नाही. आणि तरी गाडीत बसून मघाशी आपण जे आवेशाने तयार केलं ते कुणासाठी होतं? मार्टिनसाठी नव्हतं, त्याची बाजू तिला माहीतच नव्हती. नुआलासाठी नव्हतं, तिचीही माहीत नव्हती. ती एका आठवीतल्या मुलीला पुढच्या पायऱ्यांनी वर चढवायला निघाली होती, काउन्सिलच्या खर्चाने, परक्या गावातले दगड कापून. हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. पण लगेच दुसरा विचार आला, की मार्टिनबद्दल चूक झाली तरी अंदाज बरोबरच निघाला होता. तिच्यासाठी माणसं बसली होती, नुआलासाठी फरशी ओली होती. मग चूक कुठे होती? ती एका टेकडीजवळ कडेला थांबली. कुंपणापलीकडे मेंढ्या होत्या. एकीने मान वर केली आणि चरायला लागली. स्वरूपाने गाडी पुन्हा सुरू केली.

नुआलाने पुढचंच दार उघडलं. स्वरूपा नेहमी तिथेच घंटी वाजवायची. या वेळी नुआला बाजूला झाली आणि म्हणाली, "ये." दिवाणखान्यात फायरप्लेसजवळ बसायला सांगितलं. फरशी मोठ्या करड्या दगडांची होती, मध्ये झिजून गुळगुळीत झालेली. स्वरूपा तिच्याकडे बघत होती हे नुआलाने पाहिलं.

"त्याने सांगितलं वाटतं."

"फरशी ओली होती म्हणाले."

"ही फरशी दहा मिनिटांत वाळते," नुआला म्हणाली. "त्या दिवसापासून मीच धुतेय. मला विचार."

चहा आला. कपबश्या निळ्या कडेच्या होत्या, पाहुण्यांच्या. नुआला छोटी, काटक बाई होती. बोलताना ती बाहीवर नसलेला धागा काढत राहायची. "हे दार मी रोज आतून उघडते," ती म्हणाली. "पोस्टमनसाठी, तुझ्यासाठी. सासू गेली तेव्हा तिच्या पेटीमागून मी इथून बाहेर पडले. दफनभूमीतून परत आले ती मागून. कुणी सांगितलं नव्हतं. पाय तिकडेच गेले. मुलं झाली, त्यांना घेऊन मागून आले. बाहेरून आत, या दाराने, एकदाही नाही."

"पण आता तुम्हाला कोण अडवणार?"

"कोणी नाही. तेच तर." तिने धागा सोडला. "तू सांग, आपल्याच घरात पुढून चालत जायचं, तर काही कारण नको? गल्लीत शेजारी मला रोज बघतात. उगीच एक दिवस वळसा घालून पुढे यायचं, किल्ली लावायची? वेड लागलं म्हणतील. खुर्ची ढकलायची असती तर कारण होतं. खुर्चीमागे कोण बघतं."

स्वरूपाने कप खाली ठेवला. घड्याळ कुठेतरी आत वाजत होतं. तिला वाटलं आपण आता अकोल्याचं सांगावं. ते जिभेवर आलं होतं, सायकल, दप्तर, खिडकी. पण सांगितलं तर ते लाच दिल्यासारखं झालं असतं, नाही म्हणण्याआधी दिलेली. आणि होय म्हणायचं झालं तर तेच कारण म्हणून लिहावं लागलं असतं. आपण नक्की काय म्हणणार आहोत हे तिला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

"दगड कापायला मी हो म्हणू शकत नाही," ती म्हणाली. "मार्टिनना मागून यावं लागेल. पट्टी काढायचं काम पुढच्या आठवड्यात होईल, ते माझ्याकडे लागलं."

नुआलाचा हात बाहीवर परत गेला.

"माझी चूक असेल," स्वरूपा म्हणाली. "मला खरंच कळत नाहीये."

"नाही, कळतंय तुला," नुआला म्हणाली. "म्हणून तर तू एकदा जाऊन परत आलीस." ते कौतुक होतं की आरोप, आवाजावरून सांगता येत नव्हतं. ती उठली. कपबश्या तशाच राहू दिल्या. स्वरूपाही उठली आणि सवयीने पुढच्या दाराकडे वळली.

"तिकडून नको," नुआला म्हणाली. "इकडून जा."

ती पुढे चालू लागली. स्वरूपा तिच्या मागे एका अरुंद बोळातून गेली, स्वयंपाकघरात, जिथे ती कधी आली नव्हती. टेबलावर सोललेले बटाटे पाण्यात होते, खुर्चीच्या पाठीवर एक बनियन वाळत होतं, रेडिओ अगदी हळू बोलत होता. नुआलाने वाटेतली बादली पायाने सरकवली, मागचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मार्टिनने सांगितलेलं स्वरूपाला आठवलं, मागून घरचे येतात. आईचा आवाजही आठवला. दोन्ही एकदमच आले आणि कुठलं पुढे सारावं हे तिला ठरवता येईना. तिने नुआलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नुआला बाहेर गल्लीकडे बघत होती, पाऊस आहे का ते.

"सांभाळून जा," ती म्हणाली. हे इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात.

स्वरूपा बाहेर पडली. गल्ली ओली होती. ती दार बंद झाल्याचा आवाज ऐकायला थांबली, म्हणजे निदान तेवढ्यावरून काही समजेल. दार आपटेल किंवा हळू लागेल. ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. आवाज आला नाही, आणि मागे वळून बघण्याचं धाडस तिला झालं नाही.